मुलीला घेऊन फोंड्याहून पुण्याला जायचंय, तिच्या बाबांच्या भेटीगाठींचं कसं ठरवावं?

आबोली

नमस्कार मंडळी. इथे गोव्यातले आणि गोवा सोडून गेलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

मी फोंड्याला राहते, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे. काही वर्षांपूर्वी आमचा संमतीने घटस्फोट झाला. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, मराठी माध्यमात. ताबा माझ्याकडे. तिचे बाबा डिचोलीला त्यांच्या आईबरोबर राहतात. कन्सेंट टर्म्समध्ये (घटस्फोटाच्या वेळी दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या अटींमध्ये) ठरलंय ते असं: दर रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती बाबांकडे, मेची अर्धी सुट्टी बाबांकडे, आणि चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, पहिले दोन दिवस डिचोलीच्या घरी. हे आजवर दोन्ही बाजूंनी नीट पाळलं गेलं. पोटगी वेळेवर येते. माणूस वाईट नाही, आमचं पटलं नाही.

आता कंपनी मला बढती देऊन पुण्याला पाठवतेय. माझा भाऊ आणि वहिनी कोथरूडला आहेत. इथे माझं जवळचं कुणी उरलेलं नाही. दुसरी पाळी असली की मुलगी शेजारच्या काकींकडे जेवते, अभ्यास करते आणि कधी कधी तिथेच झोपते. काकींचं आता वय झालंय. पगारातला फरक मोठा आहे आणि ही जागा पुन्हा चालून येईल असं वाटत नाही.

तिच्या बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "रविवार गेला तर माझ्याकडे काय उरलं?" मला उत्तर देता आलं नाही. मुलीला त्यांच्यापासून तोडायला मी निघालेले नाही. पण पुण्याहून दर रविवारी डिचोली होणार नाही, हेही तितकंच खरं.

कायद्याने काय करावं लागतं ते सांगा, आणि ज्यांनी अशी दोन गावांतली व्यवस्था वर्षानुवर्षं चालवली त्यांनी ती कशी चालवली तेही सांगा.

वाळपईकर

ताई, रागावू नका, पण स्पष्ट लिहितो. चांगला बाप सगळ्यांच्या नशिबी नसतो. तुमच्या मुलीला आहे आणि तो तासाभराच्या अंतरावर आहे. नोकरी गोव्यातही मिळते, वेर्ण्याला औषध कंपन्या कमी नाहीत. नऊ वर्षांच्या पोरीची आजी, घर, मैत्रिणी, शाळा सगळं एकदम काढून घ्यायचं, हे मला पटत नाही. चार वर्षं थांबा, ती मोठी होऊ द्या.

आबोली

वाळपईकरदादा, रागावले नाही. वेर्ण्याला दोन ठिकाणी मुलाखत देऊन आले. पद खालचं, पाळ्या त्याच. चार वर्षांनी ती आठवीत असेल, तेव्हा हलवणं आजच्यापेक्षा जड जाईल. आणि खरं सांगायचं तर रात्री अकराला घरी येऊन, शेजाऱ्यांकडून झोपलेली मुलगी उचलून आणताना तिचं भलं होतंय असं मला वाटत नाही.

वकिलीण पणजी

मी पणजीत वकिली करते. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी एक गैरसमज दूर करते. गोव्यात लग्न आणि कुटुंब या बाबतीत १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते आणि घटस्फोटाला १९१०चा कायदा लागतो. त्यामुळे पुण्यातल्या ओळखीच्या कुणी हिंदू विवाह कायद्याची कलमं सांगितली तर ती तुमच्या प्रकरणाला जशीच्या तशी लावू नका. गोव्यात घटस्फोटाची कामं करणाऱ्या वकिलाकडेच कागद न्या. फीची अडचण असेल तर गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे १९८७च्या कायद्यातच आहे. हेल्पलाईन १५१००.

आता मुद्दा. ताबा तुमच्याकडे आहे म्हणजे मुलीला कुठेही न्यायला मोकळीक आहे असं नाही. तुमच्या आदेशात दर रविवारची भेट लिहिलेली आहे. तुम्ही पुण्याला गेलात की तो आदेश पाळणं अशक्य होतं, आणि आदेश मोडणारी बाजू तुमची ठरते. ते कोर्टात अवमानाचा अर्ज करू शकतात, पर्वरीला हायकोर्टात हेबियस कॉर्पसची (मुलीला कोर्टापुढे हजर करा, अशी) याचिकाही टाकू शकतात. पुढे काय निकाल लागायचा तो लागेल, पण मुलगी नव्या शाळेत जेमतेम रुळत असताना तुम्ही तारखांना गोव्याच्या फेऱ्या मारत असाल. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आदेशात बदल, मग ट्रक.

पालक आणि पाल्य कायदा, १८९० यात कलम २६ आहे. कोर्टाने नेमलेल्या पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय पाल्याला हद्दीबाहेर हलवता येत नाही. तुम्हाला कोर्टाने त्या अर्थाने पालक नेमलंय की फक्त ताबा दिलाय, हे तुमचा कागद वाचूनच कळेल. पण त्यामागचा विचार सगळ्याच कोर्टांत चालतो: विचारून जा.

विचारलं तर मिळतं का? कारण खरं असेल आणि वडिलांसाठी ठोस सोय मांडलेली असेल तर मिळू शकतं. मार्च २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. संमतीने घटस्फोट, मुलगा आईकडे, आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. वडिलांचं म्हणणं, ठरलेल्या अटी बदलता येणार नाहीत. न्यायालय म्हणालं की ताब्याचे आदेश कायमचे गोठलेले नसतात, मुलाच्या हिताप्रमाणे बदलतात. मूल की करिअर, असा पर्याय आईपुढे ठेवता येणार नाही, हेही त्यात आहे. न्यायाधीश स्वतः त्या मुलाशी बोलले. आईला परवानगी मिळाली आणि वडिलांच्या भेटीही राखल्या गेल्या.

दुसरा निकाल जानेवारी २०२०चा, आणि तो तुमच्या मुलीच्या बाबांच्या कामाचा आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काच्या जोडीला संपर्काचा हक्क मांडला. आईबाप वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर ज्याच्याकडे मूल नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं तरी मुलाशी बोलता आलं पाहिजे, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर. दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा. तुमच्या अर्जात हे तुम्ही स्वतःहून मांडा. त्यांना मागायला लावू नका.

मांडवीकाठ

मी दुसऱ्या बाजूचा. माझा मुलगा त्याच्या आईबरोबर मुंबईला गेला तेव्हा सात वर्षांचा होता, आता दहावीत आहे. आबोलीताई, तुम्ही त्यांचं वाक्य इथे जसंच्या तसं लिहिलंत, म्हणून लिहावंसं वाटलं. रविवार जाणं म्हणजे काय ते मी सांगतो.

रविवारी आम्ही काही खास करत नव्हतो. बाजारातून बांगडे आणायचे, तो मांजराला डोकी घालायचा, दुपारी मी वामकुक्षी घ्यायचो आणि तो माझ्या पोटावर पाय टाकून कार्टून बघायचा. तो मुंबईला गेल्यावर हे सगळं संपलं. मी म्हापशाहून रात्रीची बस पकडून जायचो, पहाटे उतरायचो, कुठल्यातरी लॉजवर अंघोळ करायची आणि नऊ वाजता त्याला घ्यायला जायचं. मग दिवसभर काय? मॉल, सिनेमा, पिझ्झा. दोघेही पाहुण्यासारखे वागायचो. संध्याकाळी सोडताना त्याला हायसं वाटायचं, मला दिसायचं ते.

पुढे त्याच्या आईने आणि मी मिळून सगळंच बदललं. दर पंधरवड्याच्या धावत्या भेटी बंद केल्या. त्याऐवजी वर्षातून चार वेळा तो लांब मुक्कामाला माझ्याकडे येतो: मे महिना जवळजवळ सगळा, चवथ, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ. आठ-दहा दिवस सलग राहिला की तिसऱ्या दिवसापासून तो पुन्हा घरचा होतो, कंटाळतो, माझ्याशी भांडतो. मला तेच हवं होतं.

व्हिडिओ कॉलचं म्हणाल तर "काय जेवलास, शाळेत काय झालं" या प्रश्नांवर नऊ वर्षांचं मूल दोन मिनिटांत संपतं. आमच्याकडे गणिताने तारलं. संध्याकाळी सात वाजता तो फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि गृहपाठ करायचा. मला कधी त्याचं कपाळ दिसायचं, कधी नुसता पंखा. मधेच विचारायचा, "बाबा, छेद सारखा कसा करायचा?" मी माझ्या स्वयंपाकघरात भाजी चिरत उत्तर द्यायचो. अर्धा तास जायचा. या वेळेत त्याच्या आईने कधी क्लास लावला नाही, कधी जेवायला हाक मारली नाही. त्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

आणखी एक. शाळेच्या ग्रुपवर मलाही घ्यावं असं तिने स्वतः वर्गशिक्षिकेला सांगितलं. प्रगतिपुस्तक, सहलीचं पत्र, ताप आला की डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं मला त्याच दिवशी मिळतं. पैसे पाठवणारा लांबचा माणूस एवढीच ओळख राहिली असती तर मी हळूहळू बाजूला झालो असतो.

वाळपईकर

मांडवीकाठ, हे वाचून मला थोडं वेगळं दिसलं. तरी विचारतो, हे सगळं आईच्या मर्जीवर चालतं. उद्या तिने दुसरं लग्न केलं, आणखी लांब गेली, तर?

वकिलीण पणजी

म्हणूनच ते कागदावर हवं. "सवडीप्रमाणे भेट" किंवा "दोघांच्या सोयीने" असली वाक्यं कन्सेंट टर्म्समध्ये घालू नका. भांडण होतं तेव्हा सोय कुणाचीच नसते. कुठल्या सुट्टीत, कुठल्या दिवसापासून, कोण आणणार, कोण पोचवणार, भाडं कुणी द्यायचं, गाडी चुकली किंवा मूल आजारी पडलं तर भरपाईचे दिवस कधी, हे सगळं लिहा. पुण्यातून पुढे कुठेही हलायचं झालं तर आधी कळवायचं आणि पुन्हा परवानगी घ्यायची, हेही लिहा.

पासपोर्टचाही विषय आत्ताच मिटवा. गोव्यात परदेशी पासपोर्टची चर्चा घरोघरी असते, त्यामुळे वडिलांच्या मनात ती भीती येतेच. एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबद्दलचा १९८०चा हेग करार आहे, त्यात भारत नाही. मूल एकदा देशाबाहेर गेलं की परत आणायचा सोपा रस्ता नसतो. दोघांच्या लेखी संमतीशिवाय मुलीला देशाबाहेर न्यायचं नाही, एवढं एक वाक्य तुम्ही स्वतः घातलंत तर समोरच्याचा अर्धा विरोध मावळतो.

त्यांची आणखी एक शंका असेल, आणि ती बिनबुडाची नाही. त्याच १८९०च्या कायद्यात, मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टाकडे अर्ज जातो. मुलगी पुण्यात रुळल्यावर नवा वाद निघाला तर डिचोलीच्या माणसाला शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जावं लागू शकतं. म्हणून त्यांना आज घाईने सही करायला लावू नका. त्यांनाही स्वतःचा वकील घेऊ दे.

तिसरी घंटा

मी सासष्टीत प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेच्या बाजूने दोन गोष्टी.

जायचंच असेल तर चौथी संपल्यावर जा. आपल्याकडे चौथीनंतर मुलं तशीही प्राथमिक शाळा सोडून हायस्कूलला पाचवीत जातात, वर्ग फुटतो, मैत्रिणी पांगतात. तो बदल तिला इथेही सोसावाच लागणार आहे. वर्षाच्या मधोमध हलवू नका.

दुसरं सुट्ट्यांचं. गोव्यात २०२५पासून वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू व्हायला लागलं. महाराष्ट्रात जून. आपल्याकडे चवथीला शाळा जितके दिवस बंद असते तितके दिवस पुण्यातली प्रत्येक शाळा देत नाही, उलट दिवाळीची सुट्टी तिथे लांब असते. त्यामुळे गोव्याच्या सुट्ट्या डोक्यात ठेवून अटी लिहू नका. ज्या शाळेत प्रवेश घेणार तिची दिनदर्शिका आधी मागवा. चवथीचे दोन-तीन दिवस बुडणार असतील तर प्रवेश घेतानाच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. बहुतेक जण समजून घेतात.

पाचू

मी मडगावची. आई मला घेऊन नाशिकला गेली तेव्हा मी साधारण तुमच्या मुलीएवढी होते. आता नोकरी करते. मुलांच्या बाजूने कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून.

मला प्रवासाचा त्रास कधी झाला नाही. त्रास झाला तो निरोपांचा. "पप्पांना सांग पैसे आले नाहीत." "आईला विचार दिवाळीला कधी पाठवणार." मी फोन हातात घेऊन दोन घरांच्या मधे उभी असायची आणि दोघांचाही राग मला ऐकू यायचा. तुमच्यात काही बोलायचं असेल तर ते तुम्ही दोघांनीच बोला, मेसेज करा, मेल करा. तिला मधे घेऊ नका.

दुसरं, तिथल्या घरात तिच्या वस्तू असू द्या. मडगावच्या कपाटातला माझा एक खण पप्पांनी कधी कुणाला दिला नाही. ब्रश, चपला, घरातले कपडे, अर्धी वाचलेली पुस्तकं तिथेच असायची. त्यामुळे मी बॅग घेऊन पाहुणी म्हणून जात नव्हते.

आणि तेरा-चौदाव्या वर्षी ती म्हणेल, "या मेमध्ये मला शिबिराला जायचंय, गोव्याला नाही." तेव्हा बाबांना वाटेल आईने भरवलं. आईने भरवलेलं नसतं, ते वयच तसं असतं. आत्ताच लिहून ठेवा की ती बारा-तेरा वर्षांची झाली की दोघं बसून सगळं पुन्हा ठरवतील आणि तिला विचारतील.

वकिलीण पणजी

पाचू, अगदी बरोबर. समजत्या वयाच्या मुलाची इच्छा कोर्टाने लक्षात घ्यावी, हे १८९०च्या कायद्याच्या कलम १७मध्ये आहेच. फक्त "तू कोर्टात कुणाचं नाव सांगशील?" असं घरात कुणी विचारू नये, ना आईने, ना आजीने.

घाटवाट

प्रवासाचं लिहितो, माझं दर महिन्याला जाणं-येणं असतं. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, कुळे, लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला जाते. मूल बरोबर असेल तर बसपेक्षा रेल्वे बरी, झोप नीट होते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की वेळापत्रक बिघडतं, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये एक दिवसाची भेट ठरवू नका. गाडी स्वतःची असेल तर कोल्हापूर साधारण अर्ध्यावर पडतं. माझ्या ओळखीचं एक जोडपं तिथेच मुलाला एकमेकांकडे सोपवतं. दोघांनाही सारखाच प्रवास, कुणाच्या दारात जायचा अवघडलेपणा नाही.

आबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे लिहिलं नाही, कारण बोलणी चालू होती.

हा धागा मी तिच्या बाबांना पाठवला. मांडवीकाठ यांचं लिहिणं त्यांनी वाचलं आणि त्यांचा फोन आला. मग आम्ही दोघं विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने मध्यस्थापुढे बसलो. त्यांच्याबरोबर त्यांचा वकील होता, माझ्याबरोबर माझी.

ठरलं ते असं. चौथीची परीक्षा झाल्यावर जायचं. मे महिना शाळा उघडायच्या आठवडाभर आधीपर्यंत सगळा डिचोलीला. चवथीला आधीच्या दिवसापासून, कारण आजीबरोबर माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायचं काम तिचं असतं. आंबाडे, तोरिंजनं, सुपारीचे घोस कुठे लावायचे हे तीच ठरवते आणि त्यात कुणाला हात लावू देत नाही. दिवाळीची अर्धी सुट्टी तिकडे, नरकासुराच्या रात्रीसकट. शिवाय बाबांना हवं तेव्हा, आठवडाभर आधी सांगून, पुण्यात शनिवार-रविवार. त्या दोन दिवसांत ती त्यांच्याबरोबर राहील. भावाच्या ओळखीने कोथरूडलाच एक खोली मिळतेय, त्यामुळे लॉज नको. एक बाजूचं भाडं माझं, एक बाजूचं त्यांचं, आणि पोटगीतून काही वळतं करायचं नाही. परदेशाचं वाक्य मीच घातलं. तेराव्या वर्षी पुन्हा बसायचं, हेही आहे. रोजच्या फोनची वेळ मुलीने ठरवली, साडेसात. सातला तिची मालिका असते.

एकच गोष्ट अडली होती. कॉलच्या वेळी मी खोलीत नसावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी मला ते लागलं. मग मान्य केलं. बापाशी बोलताना तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून शब्द निवडावेत, हे मलाही नको आहे.

वकिलीणताई, शेवटची शंका. हा बदलाचा अर्ज मी एकटीने घालायचा आणि त्यांनी संमती द्यायची, की दोघांच्या सहीने एकत्र घालायचा? आणि आदेश हातात येईपर्यंत पुण्याच्या शाळेची फी भरून ठेवली तर चालेल का?

वकिलीण पणजी

दोघांच्या सहीने, दोघांच्या प्रतिज्ञापत्रांसह, जिथून घटस्फोटाचा आदेश झाला त्याच कोर्टात. जुन्या आदेशातला कुठला परिच्छेद रद्द होतोय आणि त्याजागी कुठला येतोय, हे क्रमांकासह लिहायला सांगा, नुसती नवी यादी जोडू नका. फी भरा, जागा राखा, पण इथल्या शाळेतून दाखला आदेशाची प्रमाणित प्रत हातात आल्यावरच काढा. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते, तेव्हा अर्ज फेब्रुवारीच्या आत जाऊ दे.

वाळपईकर

आबोलीताई, कोथरूडची खोली लिहून घेतलीत का? तेवढं राहू देऊ नका. तोंडी राहिलं की खोली आज आहे, उद्या नाही.

आबोली

खोलीचं कागदात नव्हतं. वकिलांना आत्ताच कळवते.